मधुमेह, डोकेदुखी आणि गाठीची शंका: काय तपासावं, काय सांभाळावं

मधुमेहावर काहीही लिहिलं की वाचकांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा: “दहा वर्षं शुगर आहे, महिनाभर डोकं दुखतंय. मेंदूत गाठ तर नसेल ना?” दुसरा उलट बाजूने येतो: “वडिलांच्या मेंदूतली गाठ काढली. आयुष्यात कधी शुगर नव्हती आणि आता मीटरवर साडेतीनशे दिसतेय. ही कुठून आली?”

पहिला प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा धीर देता येतो. दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला हवा. घरोघरी होतं मात्र नेमकं उलटं. शंकेपोटी एमआरआयसाठी धावपळ होते आणि ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाची शुगर बघायची राहून जाते. म्हणून हे दोन्ही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

आधी थेट उत्तर

मधुमेह हे मेंदूतल्या गाठीचं मान्यताप्राप्त कारण नाही. तुम्हाला मधुमेह आहे, एवढ्याच कारणासाठी मेंदूचा एमआरआय काढण्याची गरज नाही.

निर्णय घेण्यापुरतं एवढं लक्षात ठेवा:

- ग्लायोमा हा मेंदूतल्याच पेशींपासून होणाऱ्या गाठींचा मोठा गट. अनेक अभ्यासांत मधुमेह असलेल्यांमध्ये या गाठी जास्त नव्हे, तर थोड्या कमीच आढळल्या. पण म्हणून शुगर वाढू देणं हा बचाव नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हा संबंध निदानाच्या आधीच्या वर्षात सर्वांत ठळक होता. म्हणजे वाढत असलेली गाठच रक्तातली साखर बदलत असावी, अशी दाट शक्यता आहे.
- मेनिंजिओमा ही मेंदूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा कर्करोगाची नसलेली. तिचा संबंध जास्त वजनाशी जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी निगडित १३ गाठींची यादी दिली, त्यात मेनिंजिओमा आहे.
- ठामपणे माहीत असलेली कारणं दोनच प्रकारची: पूर्वी डोक्याला दिलेले रेडिएशनचे उपचार आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार.
- मधुमेहाचा कर्करोगाशी संबंध आहे, पण तो इतर अवयवांत. यकृत, स्वादुपिंड, मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर, स्तन आणि मूत्राशय या कर्करोगांचा धोका मधुमेहात वाढतो, असं अमेरिकेतल्या मधुमेह आणि कर्करोग संघटनांनी २०१० मध्ये संयुक्त अहवालात मांडलं. काळजी घ्यायचीच असेल, तर शौचातून रक्त, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव, स्तनातली गाठ यांच्याकडे दुर्लक्ष करू नका.

मग ओळखीच्या अनेकांमध्ये दोन्ही आजार एकत्र का दिसतात? कारण मधुमेहच इतका पसरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असल्याचं आढळलं. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. दर चार प्रौढांमागे एकाला मधुमेह असेल, तर कुठल्याही आजाराच्या वॉर्डात मधुमेही दिसणारच.

गाठच शुगर वाढवते, असं कधी होतं?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातल्या काही गाठी जादा संप्रेरकं बनवतात आणि त्यातून मधुमेह होतो. अशा गाठी दुर्मीळ आहेत, पण खुणा ओळखता येण्याजोग्या आहेत:

- अंगठी बोटात जाईनाशी होणं, चपलेचा नंबर वाढणं, जबडा पुढे येणं, दातांत फटी पडणं;
- चेहरा गोल होणं, पोट सुटणं पण हातपाय बारीक होणं, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं तरी काळंनिळं होणं;
- यांच्या जोडीला नव्याने आलेला मधुमेह किंवा आटोक्यात न येणारा रक्तदाब.

अशा खुणा दिसल्या तर नुसत्या शुगरच्या गोळ्या वाढवत राहू नका. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना, दाखवा. शक्य असेल तर पाच-दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो सोबत न्या. रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या नजरेतून सुटलेला चेहऱ्यातला बदल फोटोत लगेच कळतो.

आणखी एक नावाचा घोटाळा. या भागातल्या गाठीमुळे किंवा तिच्या ऑपरेशननंतर ‘डायबेटिस इन्सिपिडस’ होऊ शकतो. त्यात लघवी आणि तहान प्रचंड वाढते, पण रक्तातली साखर नॉर्मल असते. हा साखरेचा आजार नव्हे. अशा रुग्णाला पाणी कमी द्यायचं नसतं आणि शुगरच्या गोळ्याही द्यायच्या नसतात.

तुमचं लक्षण कशाचं असू शकतं?

मधुमेहाची आणि गाठीची काही लक्षणं सारखी भासतात. फरक असा पाहा:

- मुंग्या, बधिरपणा: दोन्ही तळपायांपासून मोजे घातल्यासारखा हळूहळू वर चढत असेल, तर बहुधा मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम. एकाच बाजूचा हात-पाय बधिर किंवा अशक्त होत असेल, तर मेंदूची तपासणी हवी.
- धूसर दिसणं: शुगर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. पण बाजूचं दिसेनासं झालं, येता-जाता दाराच्या चौकटीला एकाच बाजूने धडक बसू लागली, तर थांबू नका.
- एकाचे दोन दिसणं: डोळा फिरवणारी नस मधुमेहामुळे तात्पुरती कमजोर होऊ शकते आणि साधारण तीन महिन्यांत सुधारते. तरी हे घरी बसून ठरवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- चक्कर: अंथरुणातून उठताना क्षणभर अंधारी येत असेल, तर मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या हे कारण जास्त संभवतं.
- डोकेदुखी: वर्षानुवर्षं तशीच येणारी डोकेदुखी सहसा गाठीची नसते. झोपेतून जागं करणारी, सकाळी जास्त असणारी, खोकताना किंवा वाकताना वाढणारी, उलट्यांसह आठवडागणिक वाढत जाणारी नवी डोकेदुखी मात्र दाखवायलाच हवी.

लगेच रुग्णालयात जा: आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, शुद्ध हरपत चालली किंवा वागण्यात अचानक मोठा बदल झाला तर. हे गाठीमुळे असो वा पक्षाघातामुळे, वाट पाहण्याची वेळ ही नव्हे.

पहिलं पाऊल: बोटातून थेंबभर रक्त

मधुमेही माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, घामाघूम झाला, फिट आली किंवा एक हात उचलेना, तर गाडी येईपर्यंत ग्लुकोमीटरवर शुगर तपासा. खूप खाली गेलेली साखर पक्षाघाताची किंवा फिटची हुबेहूब नक्कल करते. खूप वर गेलेली साखरही शरीराच्या एकाच भागात झटके आणू शकते.

1. आकडा ७० पेक्षा कमी आणि माणूस गिळू शकतोय: तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या.
2. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या.
3. ठीक झाल्यावर पोळी, भाकरी किंवा दूध असं काही खायला द्या.
4. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.
5. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या चालू असतील, तर बरं वाटल्यावरही डॉक्टरांना दाखवा. शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

शुगर सुधारल्यावरही एका बाजूची अशक्तता राहिली, तर ती शुगरची नाही असं समजून तातडीने जा.

एमआरआय, सीटी, पेट: जाण्याआधी

- एमआरआय: इन्सुलिन पंप खोलीबाहेर ठेवायचा. दंडावरचा शुगरचा सेन्सर, कंपनीच्या पत्रकात स्पष्ट परवानगी नसेल, तर काढायचा. मेटफॉर्मिन सहसा थांबवावी लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी दाखवा.
- कॉन्ट्रास्टसह सीटी: यातलं औषध वेगळं असतं. मूत्रपिंडं बरीच कमजोर असतील तर मेटफॉर्मिन ४८ तास थांबवायला सांगतात. ते स्वतःहून ठरवू नका.
- पेट स्कॅन: यात दिलेलं औषध साखरेसारखंच असतं, म्हणून रक्तातली साखर जास्त असेल तर चित्र बिघडतं. बहुतेक केंद्रांना शुगर २०० च्या आत हवी असते. उपाशी राहायचे तास, इन्सुलिनची वेळ आणि गोळ्यांबद्दल अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

स्टेरॉईड सुरू झालं की: सर्वांत महत्त्वाचा भाग

मेंदूतल्या गाठीभोवती सूज येते. ती उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड देतात. ते डोकेदुखी आणि अशक्तपणा झपाट्याने कमी करतं आणि अनेकदा जीव वाचवतं. पण तेच औषध शुगर वाढवतं. आधी मधुमेह असलेल्यांची तर वाढतेच, कधीच नसलेल्यांचीही वाढू शकते.

माझ्या मामांचं मेनिंजिओमाचं ऑपरेशन छान झालं. डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉईडचं नाव होतं, पण शुगर केव्हा तपासायची हे कुणी सांगितलं नाही. मामी रोज पहाटे उपाशीपोटी तपासायच्या. १२०-१३० यायची. समाधानाने वहीत लिहायच्या. आठवड्याभरात मामा दिवसभर पेंगू लागले, रात्री तीनदा उठून तांब्याभर पाणी पिऊ लागले. सगळे म्हणाले, ऑपरेशनचा थकवा आहे. आठव्या दिवशी मामेभावाने सहज संध्याकाळी पाचला बोट टोचलं. आकडा आला ४१२. तीन दिवस पुन्हा रुग्णालयात काढावे लागले. मशीनही ठीक होतं, वहीही नियमित होती. चुकत होती ती फक्त वेळ.

सकाळी घेतलेलं स्टेरॉईड दुपार-संध्याकाळची साखर वाढवतं आणि पहाटेपर्यंत ती बरीच उतरलेली असू शकते. दोन डोस असतील तर दिवसभर वाढलेली राहते. म्हणून नुसत्या फास्टिंगवर विसंबू नका.

घरी काय कराल:

- आधी मधुमेह नसेल तर: स्टेरॉईड चालू असेपर्यंत रोज एकदा, रात्रीच्या जेवणाआधी किंवा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा.
- आधीपासून मधुमेह असेल तर: चार वेळा. सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना.
- एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा रिपोर्ट, सुरुवातीलाच करून घ्या. तो आधीच जास्त असेल तर मधुमेह जुना पण लक्षात न आलेला. नॉर्मल असेल तर वाढ बहुधा स्टेरॉईडची. दोन्हींत उपचारांची आखणी वेगळी होते.
- कधी फोन करायचा: आकडा सलग दोनदा २०० च्या वर राहिला तर त्याच दिवशी. ३०० च्या वर असून गुंगी, उलट्या, खूप तहान किंवा ताप असेल तर थेट रुग्णालयात.
- इन्सुलिन सुरू केलं तर घाबरू नका. स्टेरॉईडमुळे वाढलेली साखर गोळ्यांनी अनेकदा आवरत नाही. बऱ्याच जणांचं इन्सुलिन पुढे बंद होतं.
- शुगर वाढली म्हणून स्टेरॉईड स्वतःहून बंद करू नका. मेंदूची सूज परत येऊ शकते आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनणं मंदावलेलं असल्याने रक्तदाब कोसळू शकतो.
- स्टेरॉईडचा डोस कमी होईल त्या-त्या वेळी इन्सुलिनचा डोस विचारून घ्या. इथे सर्वाधिक चूक होते. स्टेरॉईड अर्ध्यावर येतं, इन्सुलिन तेवढंच राहतं आणि रात्री शुगर लो होते. गाठीच्या रुग्णात ती फिट समजली जाते आणि भलतेच उपचार सुरू होतात.

खाण्याबद्दल: स्टेरॉईडमुळे भूक खवळते. भेटायला येणारे फळांचे रस, शहाळी आणि ग्लुकोजची बिस्किटं आणतात. त्यांना प्रेमाने सांगा, त्याऐवजी मूगडाळ, अंडी, ताक, काकडी आणा. इन्सुलिन चालू असताना संकष्टी-एकादशीचा उपवास नको. साबुदाण्याची खिचडी शुगर झर्रकन वर नेते आणि दिवसभर काही न खाल्ल्यास ती खाली कोसळते.

ऑपरेशन ठरलं असेल तर

- सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. “शुगरची पांढरी गोळी” एवढ्यावर निर्णय होत नाही.
- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्लं साठू शकतात.
- वजन आणि शुगरसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं.
- ऑपरेशनच्या सुमारास शुगर साधारण १०० ते १८० दरम्यान ठेवतात. ऑपरेशन थांबू शकत असेल तर एचबीएवनसी ८ च्या खाली आणण्याचा प्रयत्न होतो. गाठ तातडीने काढायची असेल तर मात्र त्यासाठी थांबत नाहीत. इन्सुलिनने शुगर काही तासांत आटोक्यात आणता येते.

या सापळ्यांपासून दूर राहा

- “साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल.” गोड कमी करणं शुगरसाठी योग्य आहे, पण त्याने गाठ जिरते याचा पुरावा नाही. तुम्ही साखर खाल्ली नाही तरी यकृत ती बनवतंच. कीटो आहारावर संशोधन चालू आहे, पण तो सिद्ध उपचार नाही. इन्सुलिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी तो मनाने सुरू करणं धोक्याचं आहे.
- “मेटफॉर्मिन गाठीवर चालते.” तिच्यावरही अभ्यास झाले आहेत. पण मधुमेह नसताना गाठीसाठी ती घेण्याइतका पुरावा नाही.
- “इन्सुलिनमुळे गाठ झाली.” मेंदूतल्या गाठीबाबत असं सिद्ध झालेलं नाही. या भीतीने इन्सुलिन सोडू नका.
- चूर्णं आणि काढे: घेत असाल तर लपवू नका, नाव सांगा. फिटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

खर्च, विमा आणि तुमचे हक्क

1. सरकारी योजना. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. हेल्पलाइन १५५३८८. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं.
2. विम्यात मधुमेह लपवू नका. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.
3. “गाठ मधुमेहामुळे झाली” म्हणून दावा फेटाळला तर नकार कारणांसह लेखी मागा. मधुमेह हे मेंदूतल्या गाठीचं मान्यताप्राप्त कारण नाही, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्रावर लिहून घ्या आणि कंपनीच्या तक्रार विभागाला द्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे जातात. मुंबई आणि पुण्यातही कार्यालयं आहेत.
4. कागदपत्रं. तुम्ही मागणी केल्यापासून ७२ तासांत तुमच्या उपचारांच्या नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमआरआयचा नुसता कागद नको, सीडीही घ्या. दुसरं मत घेताना तिची गरज पडते. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

डिस्चार्ज घेताना हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या

- स्टेरॉईड कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या दिवशी किती कमी करायचं?
- शुगर दिवसातून कितीदा आणि नेमकी केव्हा तपासायची?
- कोणत्या आकड्याला, कोणाला फोन करायचा?
- स्टेरॉईड कमी होईल तसं इन्सुलिन किंवा गोळी कोण कमी करणार: न्यूरोसर्जन, फिजिशियन की आमचे फॅमिली डॉक्टर?
- घरी फिट आली तर काय करायचं?

चौथा प्रश्न सोडू नका. दोन डॉक्टरांच्या मधल्या जागेत शुगर बघायची राहून जाते आणि तिथे उभं राहायला घरचंच कुणी लागतं.

दुसऱ्यांदा घरी आल्यावर मामींनी वहीचं नवं पान काढलं. पट्टीने पाच रकाने आखले: चार वेळांची शुगर आणि शेवटी त्या दिवसाचा स्टेरॉईडचा डोस. स्टेरॉईड उतरू लागल्यावर अकराव्या दिवशी झोपतानाच्या रकान्यात ६८ आली. मामींनी आधी साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि मग फोन केला. त्याच रात्री इन्सुलिन कमी झालं. तुमच्या घरी ही वेळ आली, तर असं एक पान पहिल्याच दिवशी आखून ठेवा.